इंडोनेशियन भाषेत ‘माझं’, ‘तुझं’ आणि ‘माझ्याकडे आहे’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचण्याआधी उच्चारांबद्दल थोडंसं. इंडोनेशियन शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. ‘बसार’, ‘तमान’ यांतला पहिला स्वर मराठी ‘अ’सारखा तोकडा म्हणायचा आणि ‘आ’ असेल तिथे तोंड मोकळं उघडायचं. ‘यांग’, ‘उआंग’ यांतला शेवटचा ‘ग’ उच्चारायचा नाही, नुसता नाकातला ‘ङ’ म्हणायचा. ‘तिदाक’, ‘बापाक’ यांचा शेवटचा ‘क’ घशातच अडवायचा.

इंडोनेशियनमध्ये ‘माझ्याकडे आहे’ यासाठी नेमका कोणता शब्द वापरायचा?

एका शब्दावर भागत नाही, आणि मराठी माणसाला याचं नवल वाटायला नको. आपणही ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘तिचे केस लांब आहेत’ आणि ‘किल्ली माझ्यापाशी आहे’ अशा चार तऱ्हांनी बोलतो. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘हॅव’ चालतं. इंडोनेशियनमध्ये ‘पुन्या’, ‘आदा’, ‘बर्-’ आणि ‘न्या’ यांच्यात कामाची वाटणी झालेली आहे. आपल्याकडे बहुतेक जण इंग्रजी पुस्तकावरून ही भाषा शिकतात, त्यामुळे ‘हॅव’ दिसलं की ‘पुन्या’ ठोकून देतात. निम्म्या चुका तिथेच होतात. मनातलं वाक्य मराठीतच धरून पुढे गेलं तर गाडी बरीचशी रुळावर राहते.

‘चा-ची-चे’ला प्रतिशब्द काय?

काहीच नाही. वस्तू आधी आणि मालक नंतर ठेवला की झालं. ‘रुमाह साया’ म्हणजे माझं घर, ‘मोबिल आयाह’ म्हणजे बाबांची गाडी, ‘काकि मेजा’ म्हणजे टेबलाचा पाय. मध्ये कुठला प्रत्यय येत नाही, लिंग-वचनाप्रमाणे रूपही बदलत नाही.

मालकांची साखळी लांबली तरी नियम तोच, फक्त मराठी वाक्य शेवटाकडून वाचायचं. ‘माझ्या मित्राच्या ताईचा फोन नंबर’ हे उलट क्रमाने ‘नोमोर तेलेपोन काकाक तमान साया’ असं होतं. नंबर, फोन, ताई, मित्र, मी. (‘काकाक’ ऐकून काका डोळ्यांसमोर येतात, पण तो शब्द थोरल्या भावंडाचा आहे, भाऊ असो वा बहीण.) बोलताना अडखळायला झालं तर आधी वस्तूचं नाव घ्या आणि मग एकेक मालक जोडत जा. मराठीप्रमाणे ‘माझ्या मित्राच्या...’ अशी सुरुवात केलीत की परतीचा रस्ता राहत नाही.

‘चा’ची उणीव भासते म्हणून मध्ये ‘दारि’ घालायचा मोह होतो. ‘दारि’ म्हणजे ‘कडून, पासून’. ‘बुकु दारि साया’ म्हणजे माझं पुस्तक नव्हे, मी दिलेलं पुस्तक. इंडोनेशियन बातम्यांतही ‘इबु कोता दारि...’ अशी रचना अधूनमधून दिसते, पण चांगल्या लेखनात ती खोडली जाते. देशाची राजधानी म्हणजे नुसतं ‘इबु कोता इंदोनेसिआ’.

‘कु’, ‘मु’, ‘न्या’ हे काय प्रकरण आहे?

हे नामाच्या शेपटीला चिकटणारे तोकडे सर्वनाम आहेत. ‘बुकुकु’ माझं पुस्तक, ‘बुकुमु’ तुझं पुस्तक, ‘बुकुन्या’ त्याचं किंवा तिचं पुस्तक. रोमन लिपीत लिहिताना ते नामाला जोडूनच लिहायचे, जागा सोडायची नाही. अपवाद दोन. मोठ्या अक्षरांच्या संक्षेपानंतर मध्ये आडवी रेघ येते, म्हणजे ‘का-ते-पे’ (ओळखपत्र) किंवा ‘हा-पे’ (मोबाइल) यांना ‘कु’ किंवा ‘न्या’ जोडताना. आणि देवाबद्दल लिहिताना प्रत्ययाचं पहिलं अक्षर मोठं होतं, तेव्हाही रेघ हवी.

खरा प्रश्न लिहिण्याचा नाही, मानाचा आहे. ‘कु’ हे ‘आकु’चं रूप आहे, म्हणजे मित्रमंडळीत, घरात किंवा कवितेत शोभणारं ‘मी’. चारचौघांत ‘साया’ बरं, म्हणून ‘रुमाह साया’. ‘मु’ म्हणजे सरळ ‘तू’चं ‘तुझं’. वयाने मोठ्या माणसाला ‘रुमाहमु’ म्हणणं हे आपल्याकडे शेजारच्या आजोबांना ‘तुझं घर’ म्हणण्यासारखंच कानाला लागतं. तिथे नात्याचा शब्दच मालक म्हणून लावायचा: पुरुषाला ‘मोबिल बापाक’, बाईला ‘रुमाह इबु’. ‘आन्दा’ हे तुम्ही-वाचक सर्वनाम पाठ्यपुस्तकात भरपूर आढळतं, पण ते फॉर्म, जाहिराती आणि सूचनाफलकांवर जास्त शोभतं. समोरच्या वडीलधाऱ्याला ते कोरडं वाटतं.

तिसऱ्या व्यक्तीचा मान राखायचा असेल तर ‘न्या’ नको, ‘बलिआउ’ घ्या. ‘रुमाह बलिआउ’ म्हणजे आदरार्थी ‘त्यांचं घर’. अनेकांचं असेल तर ‘रुमाह मरेका’.

‘न्या’ जिथे-तिथे ऐकू येतो. दर वेळी त्याचा अर्थ ‘त्याचं’च का?

नाही, आणि नवशिके सगळ्यात जास्त इथेच फसतात. ‘न्या’ची निदान चार कामं लक्षात ठेवावीत.

पहिलं काम ‘त्याचं, तिचं’. दुसरं, ‘ते आपल्या दोघांना ठाऊक असलेलं’ एवढंच दाखवणं. ‘आइरन्या हाबिस’ म्हणजे ‘पाणी संपलं’, कुणाचं ते नाही. ‘हार्गान्या बरापा?’ म्हणजे ‘याची किंमत किती?’, आणि खानावळीत ‘मिन्ता बोनन्या’ म्हणजे ‘बिल द्या’. तिसरं काम आदराचं. समोरच्याला ‘तू’ही म्हणायचं नाही आणि ‘आन्दा’ही नको, तेव्हा ‘न्या’ मदतीला येतो. ‘नामान्या सिआपा?’ असं तुमच्याकडे बघून विचारलं तर ते तुमचंच नाव विचारतायत. मागे वळून ‘कोणाचं?’ म्हणून शोधू नका. नावासाठी ‘काय’ नसून ‘सिआपा’ म्हणजे ‘कोण’ वापरतात, हेही जाता जाता टिपून ठेवा.

चौथं काम विशेष उपयोगी आहे. आधी माणूस किंवा वस्तू सांगायची आणि मग तिच्या अंगाबद्दल बोलायचं. ‘होतेल इतु कामारन्या बर्सिह’ : ते हॉटेल, त्याच्या खोल्या स्वच्छ. ‘रिनि राम्बुतन्या पांजांग’ : रिनीचे केस लांब. बोलीभाषेत ‘असणे’चं बरंचसं काम ही रचना एकटी उरकते, कुठलंही क्रियापद न वापरता.

आता मराठीत असलेली आणि तिथे नसलेली एक सोय. ‘रिनीने आपली पिशवी उचलली’ आणि ‘रिनीने तिची पिशवी उचलली’ यांत आपल्याला लगेच फरक कळतो. ‘रिनि मङाम्बिल तासन्या’ या वाक्यात मात्र दोन्ही अर्थ बसतात. स्वतःचीच पिशवी असेल तर ‘तासन्या सन्दिरि’ म्हणा.

‘बुकुन्या रिनि’ असंही ऐकू येतं, म्हणजे ‘न्या’ही आणि नावही. जावानीज भाषेत मालकाच्या आधी नामाला असा प्रत्यय लागतो, त्याची ही सावली. बोलण्यात सर्रास चालतं, पण अर्जात किंवा परीक्षेत ‘बुकु रिनि’ लिहा.

‘आमचं’ आणि ‘आपलं’ हा फरक तिथे आहे का?

आहे, आणि इंग्रजी पुस्तकं जिथे परिच्छेदभर समजावत बसतात तिथे मराठी वाचकाला एक ओळ पुरते. ‘रुमाह कामि’ म्हणजे आमचं घर (ऐकणारा त्यात नाही), ‘रुमाह किता’ म्हणजे आपलं घर. पाहुण्याला ‘रुमाह किता’ म्हटलंत तर घर त्याचंही झालं. जाकार्तातल्या सैल बोलण्यात ‘किता’ हे ‘आम्ही’साठीही वापरतात आणि सुलावेसी बेटावरच्या मानादो शहराच्या बोलीत तर ‘किता’ म्हणजे चक्क ‘मी’, पण लिहिताना फरक पाळावा.

‘माझं मोठं घर’ म्हणताना विशेषण कुठे?

नाम, मग विशेषण, मग मालक: ‘रुमाह बसार साया’. क्रम बदलून ‘रुमाह साया बसार’ म्हटलंत तर ते पूर्ण वाक्य होतं, ‘माझं घर मोठं आहे’. ‘हे’ सगळ्यांच्या शेवटी येतं. ‘बुकु साया इनि’ म्हणजे ‘हे माझं पुस्तक’ (त्याबद्दल पुढे काही सांगायचंय), आणि ‘इनि बुकु साया’ म्हणजे ‘हे माझं पुस्तक आहे’.

विशेषणाची जागा चुकली तर कधी कधी नातेवाईकच बदलतात. ‘मोबिल बारु आयाह साया’ : माझ्या वडिलांची नवी गाडी. ‘मोबिल आयाह बारु साया’ : माझ्या नव्या वडिलांची गाडी. ‘बारु’ ज्याला चिकटेल तो नवा. अनेक गाड्यांतली नवी, असं सांगायचं असेल तर ‘यांग’ मदतीला घ्या: ‘मोबिल साया यांग बारु’, माझी ती नवी गाडी.

‘पुन्या’, ‘मम्पुन्याइ’ आणि ‘ममिलिकि’ यांत काय फरक?

अर्थ जवळजवळ एक, पेहराव वेगळा. ‘पुन्या’ रोजच्या बोलण्यातला: ‘साया पुन्या मोतोर’, माझ्याकडे मोटारसायकल आहे. ‘मम्पुन्याइ’ त्याचंच इस्त्री केलेलं रूप, लिखाणातलं. ‘ममिलिकि’ औपचारिक, बातम्या, करार, अर्ज, भाषणं यांत तोच जास्त. त्यात मालकीची छटा ठळक आहे, पण ‘ममिलिकि मासालाह’ (अडचण असणे) असा अमूर्त वापरही रूढ आहे.

‘पुन्या’चं मूळ ‘अम्पु’, म्हणजे धनी, आणि त्याला लागलेला ‘न्या’. म्हणजे शब्दशः ‘त्याचा धनी’. ‘मिलिक’ अरबीतून आला, ज्या धातूपासून आपले ‘मालक’ आणि ‘मालकी’ आले त्याच धातूचा. त्यामुळे ‘पमिलिक’ म्हणजे मालक हे पाठ करावं लागत नाही. गप्पांत मालकाला ‘यांग पुन्या’ म्हणतात: ‘यांग पुन्या वारुंग इनि सिआपा?’, ही टपरी कोणाची?

काळ दाखवायला क्रियापद बदलत नाही. ‘दुलु साया पुन्या’ पूर्वी होतं, ‘मासिह पुन्या’ अजून आहे, ‘सुदाह पुन्या’ आता झालंय.

मग ‘आदा’ कधी?

‘आदा’ म्हणजे नुसतं ‘आहे’, आणि दुकानात ते मराठीसारखंच चालतं. ‘आदा नासि गोरेंग?’, फ्राइड राइस आहे का? ‘आदा कामार कोसोंग?’, खोली रिकामी आहे का? ‘आदा उआंग कचिल?’, सुट्टे आहेत का? उत्तर ‘आदा’, नाहीतर ‘हाबिस’ (संपलं). दुकानदाराला ‘पुन्या नासि गोरेंग?’ विचारलंत तर कळेल, पण उगीच त्याच्या मालमत्तेची चौकशी केल्यासारखं वाटेल.

वेळ, काम, बैठक अशा गोष्टींना ‘आदा’ सहज शोभतं: ‘साया आदा रापात’, माझी मीटिंग आहे, ‘साया आदा जांजि’, मी कुणाला तरी वेळ दिली आहे. मालकीच्या वस्तूंसाठी मात्र इंडोनेशियात ‘पुन्या’ ठेवा. मलेशियात ‘साया आदा करेता’ म्हणजे ‘माझ्याकडे गाडी आहे’. जाकार्तात ‘करेता’ म्हणजे रेल्वे, तेव्हा हेच वाक्य बोलणारा फारच मोठा असामी ठरतो.

‘किल्ली माझ्याकडे आहे’ इथे ‘पुन्या’ चालेल का?

चालणार नाही. मराठी ‘माझ्याकडे’ मालकीही सांगतं आणि तात्पुरता ताबाही. इंडोनेशियनमध्ये ही दोन खाती वेगळी आहेत. किल्ली ऑफिसची, पण सध्या खिशात तुमच्या, तर ‘कुंचिन्या आदा दि साया’ किंवा ‘आदा सामा साया’. लिहिताना ‘आदा पादा साया’. बरोबर आणलेल्या वस्तूसाठी ‘बावा’ (आणणे, नेणे): पाऊस सुरू झाला आणि छत्री पिशवीत आहे, तर ‘साया बावा पायुंग’. ‘साया पुन्या पायुंग’ म्हटलं तर छत्री घरी खुंटीला टांगलेली असली तरी वाक्य खरंच राहतं.

‘बर्-’ लावून ‘असणारा’ असा शब्द कसा करायचा?

नामाआधी ‘बर्’ जोडला की ‘ते ज्याच्याकडे आहे असा’ हा अर्थ येतो, आपल्या ‘-वान’, ‘-धारी’सारखा. मराठी वाचकाची इथे चंगळ आहे, कारण कितीतरी नामं संस्कृतातून गेलेली आहेत. ‘बर्नामा’ नाव असलेला, ‘बर्वार्ना’ रंगाचा (वर्ण), ‘बर्सुआमि’ नवरा असलेली (स्वामी), ‘बरिस्त्रि’ बायको असलेला (स्त्री), ‘बर्दोसा’ पापी (दोष). जपून: ‘बर्गुना’ म्हणजे गुणी नव्हे, ‘उपयोगी’.

मूळ शब्द ‘र’ने सुरू होत असेल तर एक ‘र’ गळतो: ‘राम्बुत’ (केस) पासून ‘बराम्बुत’. ‘दिआ बराम्बुत पांजांग’, तिचे केस लांब आहेत. या गळतीतून एक जुना विनोद निघतो. ‘उआंग’ म्हणजे पैसा, म्हणून ‘बरुआंग’ म्हणजे पैसेवाला. ‘रुआंग’ म्हणजे खोली, म्हणून खोल्या असलेलं तेही ‘बरुआंग’. आणि मुळात ‘बरुआंग’ नावाचा प्राणी आहेच, तो म्हणजे अस्वल. म्हणूनच श्रीमंताला कुणी सहसा ‘बरुआंग’ म्हणत नाही.

‘बर्’ कुठे चालत नाही हे जास्त महत्त्वाचं. कपडे आणि वाहनं यांच्याशी त्याचा अर्थ ‘वापरणे’ असा होतो. ‘बर्बाजु मेराह’ म्हणजे लाल सदरा घातलेला. ‘साया बर्सपेदा’ म्हणजे मी सायकल चालवतो, ती भाड्याची का असेना. शिवाय ‘बरानाक’चा पहिला अर्थ ‘बाळंत होणे, विणे’ असा. एखाद्या बाईला मुलंबाळं आहेत का हे विचारायला तो वापरू नका. ‘सुदाह पुन्या आनाक?’ म्हणा.

मुलं-भावंडं किती, हे कसं सांगायचं?

‘साया पुन्या दुआ आनाक’ बरोबरच आहे, पण ‘आनाक साया दुआ’, म्हणजे ‘मुलं दोन’, हे जास्त घरगुती वाटतं. प्रश्नही तसाच: ‘आनाकन्या बरापा?’

भावंडांची संख्या सांगताना बेरीज तपासा. ‘साया पुन्या तिगा सौदारा’ म्हणजे मला सोडून तीन भावंडं, एकूण चार. ‘कामि तिगा बर्सौदारा’ म्हणजे आम्ही मिळून तिघं. दोन्ही वाक्यांत ‘तिगा’च, पण एका माणसाचा फरक पडतो. (‘सौदारा’ म्हणजे आपला ‘सहोदर’.)

‘नाही’ कसं म्हणायचं?

क्रियापदाला ‘तिदाक’: ‘साया तिदाक पुन्या उआंग’, मित्रांत ‘ङ्गाक पुन्या’. नामाला आणि मालकीच्या दाव्याला ‘बुकान’: ‘इनि बुकान पुन्या साया’, हे माझं नव्हे. ‘नाही’ आणि ‘नव्हे’ असे दोन शब्द ज्याच्या कानात आहेत, त्याची इथे गल्लत होऊ नये.

लग्न, मुलं, घर याबद्दल विचारलं तर ‘तिदाक’ नको, ‘बलुम’ म्हणजे ‘अजून नाही’ म्हणावं. ‘सुदाह बर्कलुआर्गा?’ (संसार मांडला का?) याला ‘तिदाक’ हे उत्तर दार आपटल्यासारखं वाटतं. ‘बलुम’मध्ये पुढे होईल याची जागा राहते, मग तुमचा बेत काहीही असो.

‘हे कोणाचं?’ आणि ‘ज्याची गाडी चोरीला गेली तो माणूस’?

‘इनि पुन्या सिआपा?’ किंवा ‘मोबिल सिआपा इनि?’ उत्तर ‘पुन्या साया’, सलगीत ‘पुन्याकु’. लेखी असेल तर ‘मिलिक’: ग्रंथालयाच्या पुस्तकावर ‘मिलिक पर्पुस्ताकाआन’ असा शिक्का असतो. या लांबलचक शब्दाच्या पोटात ‘पुस्तक’ आहे.

‘ज्याची... तो’साठी ‘यांग’ आणि ‘न्या’ची जोडी लागते. ‘ओरांग यांग मोबिलन्या दिचुरि’ : ज्याची गाडी चोरीला गेली तो माणूस. ‘न्या’ विसरलात तर अर्थ ‘चोरीला गेलेला माणूस’ याच्या जवळ जातो.

भूक, ताप, वय यांना ‘पुन्या’ लावायचं का?

नाही. ‘साया लापार’ मला भूक लागली आहे, ‘साया हाउस’ तहान, ‘साया दमाम’ ताप, ‘साया साकित कपाला’ डोकेदुखी (कपाळ आठवा). वय ‘उमुर साया २५ ताहुन’ किंवा ‘साया बरुमुर २५ ताहुन’. मात्र डॉक्टरला सांगताना ‘पुन्या आलर्गि’ म्हणजे अ‍ॅलर्जी आहे, हे चालतं.

पुस्तकात ‘साया पुन्या रुमाह’ म्हणजे ‘माझ्याकडे घर आहे’. पूर्वेकडच्या बेटांवर ते ‘माझं घर’ अशा अर्थाने का ऐकू येतं?

पूर्वेच्या मलय बोलींत ‘पुन्या’ झिजून त्याचा ‘चा-ची-चे’ झाला आहे, आणि क्रमही मराठीसारखा मालक आधी असा आहे. पापुआत ‘सा पु रुमाह’, आम्बोनमध्ये ‘बेता पुंग रुमा’, मानादोत ‘किता पे रुमाह’, तिन्हींचा अर्थ ‘माझं घर’. मराठी कानाला हे गोड लागतं, पण परीक्षेत आणि अर्जात तसं लिहू नये.

घर-जमिनीच्या कागदांवर ‘हाक मिलिक’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पूर्ण मालकी का?

हो. ‘हाक’ म्हणजे आपला ‘हक्क’. १९६० च्या भूमी कायद्यानुसार (क्रमांक ५) ‘हाक मिलिक’ हा सर्वांत भक्कम हक्क आहे आणि व्यक्तींपैकी तो फक्त इंडोनेशियन नागरिकालाच मिळतो. जाहिरातीत तो ‘एस-हा-एम’ (‘सर्तिफिकात हाक मिलिक’, म्हणजे मालकी हक्काचा दाखला) या तीन अक्षरांनी लिहितात. ‘हा-गे-बे’ म्हणजे ‘हाक गुना बाङुनान’, दुसऱ्याच्या जमिनीवर ठराविक मुदतीसाठी इमारत बांधून ती बाळगण्याचा हक्क. ‘हाक पाकाइ’ हा वापराचा हक्क, आणि इंडोनेशियात राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला मिळू शकतो तो हा. तेव्हा घर दाखवणाऱ्याने ‘नन्ति जादि पुन्या बापाक’ (पुढे हे तुमचंच होईल) असं म्हटलं, तरी कागदावर ‘मिलिक’ आहे की ‘पाकाइ’, हे आधी वाचा.